अक्काचा बटाटा

माझं लेखन अमर करायचं मी निवृत्तीनंतर ठरवलं. त्याआधी दीपनगरला कचेरीत नोकरी होती आणि अमरत्वासाठी रजा शिल्लक नव्हती. लेखन म्हणजे काय, तर गेली काही वर्षं त्या निळ्या अ‍ॅपवर टाकलेल्या पोस्टी. गावच्या आठवणी, आईच्या आठवणी, विहिरीच्या आठवणी आणि मधूनमधून वीज गेल्याबद्दल संताप. वीज तयार होते तिथे नोकरी करायची आणि घरची वीज गेली की सरकारला शिव्या घालायच्या, हा आमच्या कॉलनीचा रिवाजच होता. मी तो लेखी पाळला, एवढंच.

ठरवायला कारणही तसंच घडलं. चाळीसगावचा माझा एक जुना मित्र फोनवर म्हणाला, "उद्या ते दुकान बंद पडलं तर तुझ्या साहित्याचं काय?"

साहित्य! आजवर घरात त्याला 'ते मोबाइलमधलं' म्हणत. मी हरभऱ्याच्या झाडावर जो चढलो तो बरेच दिवस खाली उतरलोच नाही. मित्राने स्वतःचा ब्लॉग नुकताच काढला होता आणि त्याला वाचणारं कुणीतरी हवं होतं, हे पुढे लक्षात आलं. पण तोवर मीही ब्लॉग काढून बसलो होतो आणि मलाही वाचणारं कुणीतरी हवं होतं. आता आम्ही दोघं एकमेकांना वाचतो आणि मराठी वाचक कुठे गेला म्हणून हळहळतो.

ब्लॉगला नाव द्यायला लेखापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी 'काळी माती, पांढरा कापूस' ठरलं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बियाण्याच्या दुकानाला छान आहे." रावेरकडच्या केळीवाल्यांची मुलगी ती. कापसाबद्दल तिला पहिल्यापासून आदर नाही.

मग मी अ‍ॅपकडे माझ्या सगळ्या पोस्टी एकगठ्ठा मागितल्या. त्यांनी दिल्याही, पण उघडून पाहतो तर मराठीच्या जागी डोक्यावर तिरक्या रेघा असलेली परकी अक्षरं आणि मधे मधे चौकोन. आयुष्यात पहिल्यांदाच माझं लेखन दुर्बोध म्हणता आलं असतं. त्यातून काही निघेना, तेव्हा एकेक पोस्ट अ‍ॅपवर उघडायची, उचलायची आणि ब्लॉगवर नेऊन ठेवायची, असं सुरू केलं. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या घरात गॅलरीत खुर्ची टाकून रोज हा उद्योग. शेजारी समजले, मी शेअर बाजारात पडलो. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही, कारण त्यांचा आदर वाढलेला दिसत होता.

आपलंच लिहिलेलं सलग वाचायची वेळ कुणावर येऊ नये. सुटं सुटं टाकलं तेव्हा बरं वाटलं होतं. ओळीने वाचलं तर जवळजवळ प्रत्येक पोस्टीत मातीचा गंध निघाला. खरं तर गावी गेलो की धुळीने मला शिंका सुरू होतात आणि मी दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने परत येतो. पण शिंकांबद्दल एक ओळ सापडली नाही. भरीत तर इतक्या वेळा भाजलं होतं, की खान्देशात वांगं शिल्लक कसं राहिलं याचं आश्चर्य वाटावं.

आता कॉमेंटांचं. पोस्ट उचलली की ती एकटी येते, खालच्या कॉमेंटी तिथेच राहतात. मला हे फार सोयीचं वाटलं. 'वा सर', 'अप्रतिम', 'डोळे पाणावले', आणि बायपासजवळचे प्लॉट विकणाऱ्या एका गृहस्थाचा नंबर, हे नसलं म्हणून साहित्याचं काय बिघडणार होतं? शिवाय प्रत्येक पोस्टीखाली अक्का होती. तिच्यापासून सुटका होणार, हे मी मनातल्या मनात मान्य केलं होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धुळ्याकडे आमच्या गावातच तिला दिली. शेत, ढोरं आणि घर बघण्यात तिचं आयुष्य गेलं. शाळा चौथीपर्यंत. बोट फिरवत फिरवत वाचते, पण एक अक्षर सोडत नाही. तिच्या सुनेने तिला मोबाइल घेऊन दिला आणि माइकचं चिन्ह दाखवलं. इथे बोललं की लिहून येतं, हे कळल्यावर अक्काने पहिली पोस्ट उघडली ती माझी, आणि माझं विहिरीत सूर मारणं वाचून त्या माइकमध्ये म्हणाली, "बठ्ठं खोटं शे."

अहिराणीत बठ्ठं म्हणजे सगळं आणि शे म्हणजे आहे. पण तिच्या फोनला फक्त पुस्तकी मराठी येत होती. त्याने कान देऊन ऐकलं, स्वतःच्या अकलेप्रमाणे सुधारलं आणि पोस्टीखाली लिहिलं: 'बटाटा खोटं शेण'.

त्यानंतर नियमच झाला. मी लिहायचं आणि खाली अक्काने बटाटा ठेवायचा. कापूस वेचून आईची बोटं सोलली होती, आणि त्याच बोटांनी तिने माझ्या नव्या दप्तराला गुंडी लावली, असं मी एकदा लिहिलं. खाली आलं, 'बटाटा खोटं शेण. जून महिन्यात कापूस कोण वेचतं.' विहिरीखालचा तिचा खुलासा तर सगळ्या कचेरीने वाचला: मला कमरेला डबा बांधून पाण्यात सोडायचे आणि मी सोडायच्या आधीच रडायचो. कचेरीत हा शब्द इतका रुळला, की कुणी साहेबांसमोर थाप मारायला लागलं की मागून कुणीतरी हळूच 'बटाटा' म्हणायचं. साहेबांना वाटायचं, कँटीनच्या भाजीबद्दल चाललंय.

बाकी सगळं सोडून द्या. भांडण झालं ते 'निरोप'वरून.

'निरोप' ही माझी नामांकित पोस्ट. नामांकित म्हणजे मला. ती एका दिवाळी अंकातही आली होती, केळीच्या खताच्या जाहिरातीसमोर. पाचवीला मला मामाकडे जळगावला पाठवलं, त्या दिवसाची ती गोष्ट. धुळ्याचं स्टँड. आई मला कंडक्टरच्या हवाली करते. फडक्यात बांधलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी खिडकीतून माझ्या हातात देते. पदराने डोळे पुसत उभी राहते आणि बस वळेपर्यंत दिसत राहते. मग पारोळ्याला बस थांबते, मी फडकं सोडतो आणि पहिल्याच घासाला आईच्या आसवांची खारट चव लागते. हे वाचून लोक हमखास रडत. फक्त बायको म्हणाली होती, "कळण्याच्या भाकरीत मीठ असतंच." दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडल्या की मी ती पोस्ट पुन्हा टाकायचो आणि लोक पुन्हा रडायचे.

आणि दरवर्षी खाली अक्का: 'बटाटा खोटं शेण. माय सरकी लावायला गेली. स्टँडवर मीच होतो.' मी व्हतू, म्हणजे मी होते, असं ती म्हणाली होती. फोनने तिला पुरुषही करून टाकलं.

एवढ्यावर न थांबता तिने फोनही केला होता. मी तिला शांतपणे समजावून सांगितलं. अक्काशी मी अहिराणीत बोलतो. लिहितो मात्र शुद्ध मराठीत, कारण आमच्या मातीचा गंध पुण्यात कळला पाहिजे. पण वाङ्मयावर बोलायची वेळ आली की माझी अहिराणी संपते. मी म्हणालो, "अक्का, साहित्यात आई ही व्यक्ती नसते. ती भावना असते."

"भावना कोन शे?" अक्काने विचारलं. "तठे मनाशिवाय कोनीच नव्हतं." अहिराणीत मना म्हणजे माझा; मनाचा इथे संबंध नव्हता.

तर हा 'निरोप' मी ब्लॉगच्या अगदी माथ्यावर लावला, सुंदर अक्षरात, बाजूला कापसाच्या बोंडाचं चित्र टाकून. खाली कॉमेंट नाही, बटाटा नाही, शेण नाही. पंधरवडाभर खुर्चीत बसून मान धरली होती, पण ते पान पाहिलं आणि सगळं विसरलो. नातेवाइकांच्या ग्रुपवर लिंक टाकली. हात जोडलेले, अंगठे, फुलं. एका भाच्याने न उघडताच 'अप्रतिम' लिहिलं. आमच्या घराण्यात वेळ वाया घालवत नाहीत.

दुपारी अक्काचा फोन.

"भाऊ, मना बटाटा कोठे शे?"

तीही त्याला बटाटाच म्हणायला लागली होती, हे मला तेव्हा कळलं. मी विचारलं, कसला बटाटा.

"तू तुनं बठ्ठं लिखेल लई गया. मना बटाटा तठेच सोडी दिन्हा."

मी तंत्रज्ञान समजावायला घेतलं. पोस्ट ही लिहिणाऱ्याची असते, कॉमेंट ही कॉमेंट करणाऱ्याची असते, ती आपोआप येत नाही, अशी व्यवस्था आहे, त्यात माझा काही हात नाही. अक्काने सगळं ऐकून घेतलं.

"तू हातवर उतारस ना?"

"हो."

"मंग मना बटाटा उताराले हात दुखस का?"

मी तंत्रज्ञान बाजूला ठेवलं. मी म्हणालो, ब्लॉग ही स्वच्छ जागा असते. तिथे लोक वाचायला येतात, भांडायला नाही. अक्का सौदा करावा तशी म्हणाली, "बाकीना राहू दे. विहीरना नको, कापूसना नको. ष्टांडना तेवढा लाव. मी मरी जासू, मंग लोके म्हनतीन मायच गयथी."

"बघतो," मी म्हणालो. सरकारी कचेरीत ज्याची हयात गेली, त्याच्या 'बघतो'चा अर्थ अक्कालाही ठाऊक होता. तिने फोन ठेवला आणि मग करायचीच बंद झाली.

एरवी तिचा फोन आठवड्याच्या बाजारादिवशी ठरलेला. बाजार किती भरला, कुणाची सून निघून गेली, माझा बीपी किती आहे. तो नाही आला. पुढच्या बाजारालाही नाही आला. मी केला तर सून म्हणाली, "आत्याबाई शेतात आहेत." दुसऱ्यांदा केला तर आत्याबाई शेतातच होत्या, आणि मागून आत्याबाईंचाच आवाज येत होता, की सांग, शेतमा शे म्हनीसन.

मला आधी राग आला. एवढ्याशा गोष्टीचं काय! जग माझ्या बाजूने होतं, अंगठे माझ्या बाजूने होते. मग राग गेला आणि करमेनासं झालं. ब्लॉगवर रोज दोन-तीन पोस्टी नेत होतो, पण कसं कोण जाणे, मजा गेली. विहिरीत सूर मारला, कुणी अडवलं नाही. जूनमध्ये खुशाल कापूस वेचला, कुणी हटकलं नाही. माझ्या थापा तिथे नुसत्या पडून होत्या. त्या बालपणात माझ्याबरोबर असलेलं आता जिवंत माणूस एकच होतं, आणि ते शेतात होतं.

बायको म्हणाली, "अहो, लावून टाका ना एक बटाटा. तुमचं काय जातं?"

पण लेखकाचं काय जातं ते बायकोला कसं कळणार! मी त्याहून मोठं काहीतरी करायचं ठरवलं. 'निरोप' नव्याने लिहायचा, आईला काढून अक्काला घालायचं. कॉमेंट काय, अख्खी पोस्टच तिची. एवढा मोठेपणा दाखवल्यावर ती शेतातून नक्की परत आली असती.

बसलो आणि लिहिलं. फारसं अवघड गेलं नाही. आईच्या जागी अक्का आली, नऊवारीच्या जागी परकर-पोलकं आलं. पदर नव्हता, म्हणून डोळे पुसायला परकराचा सोगा घेतला. चौदा वर्षांची पोर, धाकट्या भावाला बसमध्ये बसवते, भाकरीचं फडकं खिडकीतून देते, आणि बस वळेपर्यंत सोग्याने डोळे पुसत उभी राहते. पारोळा तसाच ठेवला, फक्त आसवं आता अक्काची होती. वाचून माझे मलाच डोळे पाणावले. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मीठ अजून तेवढंच आहे."

अक्काला गाठायला मी दुपारची वेळ धरली, जेव्हा उन्हामुळे शेतात असल्याचं सांगता येत नाही. म्हटलं, अक्का, ठेवू नको, तुझ्यावर लिहिलंय, ऐक. आणि वाचायला लागलो. शुद्ध मराठीत, आवाज योग्य ठिकाणी कापरा करत. मधे एकदा तिने कोंबड्यांना हाकललं. वाचून संपल्यावर मी थांबलो, कौतुकासाठी जागा सोडून.

"बठ्ठं खोटं शे," अक्का म्हणाली.

मी चिडलो. म्हटलं, आता काय खोटं आहे? तूच म्हणत होतीस ना स्टँडवर तू होतीस? घातलं ना तुला? अजून काय पाहिजे?

"मी रडनू कोठे?" ती म्हणाली. "माले भूक लागेल व्हती."

"बरं, रडणं काढतो."

"आनि भाकरी मी तुले दिध्यातच नही."

मला आधी कळलंच नाही. ती सावकाश सांगत गेली, आणि मी पहिल्यांदाच मधे बोललो नाही. आई पहाटेच भाकरी थापून सरकी लावायला गेली होती. जाताना अक्काला सांगून गेली होती, फडकं विसरू नको, त्याला बसमध्ये दे. अक्का पहिल्यांदाच मोठ्या माणसाशिवाय धुळ्याला आली होती. एवढं मोठं स्टँड, एवढ्या गाड्या. एका हाताने मला धरलेलं, दुसऱ्या हातात फडकं. कंडक्टरला शोधलं, मला चढवलं, जागा मिळवून दिली, मामाचा पत्ता तोंडपाठ म्हणवून घेतला. खाली उतरली आणि बस सुटली. तेव्हा तिने पाहिलं, की फडकं तिच्याच हातात आहे.

"मी मांगे पयनू," अक्का म्हणाली. बसच्या मागे पळाली होती ती. "लई पयनू. गाडी काय थांबनी नही."

"मंग?"

"मंग काय? आपला गावनी गाडी संध्याकायले व्हती. ष्टांडवर बठनू, आनि खाई लिध्यात. सकायपाशी काही खायेल नव्हतं." ती पुढे म्हणाली. "मायनी इचारं, भाऊनी नेल्यात का भाकरी? मी सांगं, नेल्यात. माय खूश व्हयनी."

माझ्या हातात तो कागद होता, आणि कागदावर पारोळा होता, घास होता, चव होती.

"तू दर साल लिखस," अक्का म्हणाली, "पारोळाले भाकर खादी, मायनी चव लागनी. लोके वा वा करतस. मी म्हनू, हाऊ लिखी लिखीसन माले चिडावस का काय?"

म्हणजे इतकी वर्षं ती स्टँडवरच्या जागेसाठी भांडत नव्हती. निदान तेवढ्यासाठी नव्हती. मी भुकेला गेलो, हे तिच्या पोटात होतं, आणि मी दरवर्षी जूनमध्ये त्याच भाकरी लोकांसमोर खात होतो. मला एकदम रडू आलं. कापरा आवाज काढायची गरजच उरली नाही, तो आपोआप निघत होता, आणि ऐकायला फक्त अक्का होती.

"भाऊ," तिने विचारलं, "त्या दिन तू काय खादं?"

मी आठवून पाहिलं. खरोखर आठवून पाहिलं. लिहिताना करतो तसं नाही. खिडकीचे गज आठवले. शेजारी कोंबडी घेऊन बसलेला एक म्हातारा आठवला, तोही बहुधा नंतर कधीचा असावा. खाल्लेलं काहीच आठवलं नाही. ज्या भाकरीवर मी एवढं लिहिलं, छापून आणलं, लोकांना रडवलं, तिच्या जागी काही नव्हतं.

पण अक्का थांबली होती.

"मामीनी वाढं ना," मी म्हणालो. "गयाबरोबर. वरन-भात, वर तूप. पोट भरीसन खादं. तू उगाच जीवले लाई लिन्ह."

पलीकडे कोंबड्यांना दाणे टाकल्याचा आवाज आला.

"बठ्ठं खोटं शे," अक्का म्हणाली.

पण तिने फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही. मग तिने बीपी विचारला. बाजारात मेथी किती स्वस्त झाली ते सांगितलं. कुणाची सून परत आल्याचंही कळलं.

नवा 'निरोप' मी फाडून टाकला. जुना ब्लॉगच्या माथ्यावर आहे तसाच ठेवला, आईसकट, पदरासकट, खारट घासासकट. त्याखाली अक्काची कॉमेंट हाताने उतरवली. 'बठ्ठं' आणि 'व्हतू' असं नीट करून लिहू का, म्हणून तिला विचारलं होतं. ती म्हणाली, ते मनं नही शे, मनं बटाटावालं शे. म्हणून बटाटा, शेण आणि पुरुषी 'होतो', सगळं जसंच्या तसं आहे. चाळीसगावच्या मित्राने लगेच फोन करून विचारलं, हा काय वात्रटपणा, साहित्याच्या खाली हे असलं ठेवतात का?

त्याच्यासारख्यांची सोय म्हणून मग मी अगदी शेवटी बारीक अक्षरात दोन वाक्यं टाकली. वरचा मजकूर साहित्य आहे. खालची कॉमेंट खरी आहे.